पुलाखालून जाणारे

माहीमची खाडी ओलांडायला आज बऱ्याच वाटा आहेत. सर्वांत जुना माहीम कॉजवे. त्याच्या पूर्वेला पश्चिम रेल्वेचा पूल. त्याहून पूर्वेला, धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मध्ये, मिठी नदीच्या तळाखालून गेलेले मेट्रो ३ चे बोगदे. आणि पश्चिमेला, खुल्या समुद्रात पाय रोवून उभा असलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू. कागदोपत्री त्याचं नाव राजीव गांधी सागरी सेतू. माहीम-वांद्र्यात कुणालाही विचारा, तो ‘सी लिंक’ म्हणूनच सांगेल. २०२४ मध्ये हा सेतू वरळीला किनारी मार्गाशी जोडला गेला. त्यामुळे आता खाडीचं मुख, वरळीचं टोक, कमानी पूल, पुढचा भराव आणि गिरगाव चौपाटीकडचे जुळे बोगदे असा एकच मोठा पसारा तयार झाला आहे.

मी राहतो माहीमला, त्यामुळे हा पसारा बहुतेक वेळा बाजूने किंवा खालून बघतो. फोटोत दिसतो तो सेतू वेगळा: रात्रीची रोषणाई, पंख्यासारख्या पसरलेल्या केबल, मधून पळणाऱ्या गाड्या. रेतीबंदरावर ओहोटीच्या वेळी उभं राहिलं की दिसतात ते खांब. एकसारखे, ठरावीक अंतरावर, आणि मग अचानक एका जागी खांबच नाहीत. तिथे उंच मनोरा आणि केबल. अशी मोकळी जागा वांद्र्याजवळ एक आणि वरळीजवळ एक. सेतूचं सगळं देखणेपण याच दोन जागी आहे. ते तिथेच का, याचं उत्तर वरच्या गाड्यांत नाही, खालच्या होड्यांत आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबई बेट आणि साष्टी (आजची उपनगरं) यांच्यामध्ये माहीमला पाणी आणि दलदल होती. माणसं होडीतून ये-जा करत. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. बांध घालायला हवा हे सगळ्यांना मान्य होतं, पण कंपनी सरकार पैसे द्यायला तयार नव्हतं. शेवटी सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःच्या पैशातून हा बांध, म्हणजेच आजचा माहीम कॉजवे, बांधवला. काम सुरू झाल्यावर खर्च वाढला, तेव्हा त्यांनी आणखी रक्कम दिली. एकूण दीड लाखाहून अधिक रुपये गेले, आणि १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. आवाबाईंची एक अट होती: या रस्त्यावर कधीही टोल घ्यायचा नाही.

ही अट मला फार मोठी वाटते. दान देणाऱ्याने आपल्या नावाची पाटी मागितली असती तरी लोकांना ते वावगं वाटलं नसतं. आवाबाईंनी मागितलं ते पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांच्या वाटसरूंसाठी. माहीममधल्या लेडी जमशेटजी रस्त्याला त्यांचं नाव आहे, पण सगळे त्याला एल. जे. रोड म्हणतात आणि बहुतेकांना त्या आद्याक्षरांमागे कोण आहे हे ठाऊक नसतं. निदान माहीमच्या शाळांतून तरी हे शिकवायला हवं.

कॉजवे हा पूल म्हणून बघितला तर अगदी साधा आहे. पाण्यात भराव घालायचा, मधे पाणी जायला वाट ठेवायची, वरून रस्ता. त्याचे गुण त्यात आहेत आणि दोषही. गुण असा की त्यावरून सगळे जातात: बेस्टची बस, स्कूटर, सायकल, हातगाडी, माहीमच्या दर्ग्याकडे चालत निघालेली माणसं. फक्त रिक्षा जात नाही. ती वांद्र्याच्या बाजूलाच थांबते आणि शहराची हद्द तिथे सुरू होते. उपनगरातून येणारा रिक्षातून उतरतो आणि टॅक्सी किंवा बस पकडतो. दोष असा की भराव पाण्याला अडवतो. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि शहर ओलांडून इथे समुद्राला मिळते. तिचं तोंड दोन शतकं थोडं थोडं आवळत गेलं. आधी कॉजवे, मग रेल्वेचा बांध, मग वांद्रे रेक्लमेशन, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेली जमीन. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घराघरांत शिरली. त्यानंतर सेतूच्या वांद्र्याकडच्या टोकाला घातलेल्या भरावावरही बरीच भांडणं झाली. भरतीच्या वेळी खाडीचं मुख किती रुंद हवं, हा प्रश्न मला तरी मिटलेला वाटत नाही.

रेल्वेचा पूल १८६० च्या दशकातल्या लोहमार्गाचा वारस. त्याबद्दल एवढंच सांगतो की या खाडीवरून जाणारी खरी मुंबई तिथून जाते. गर्दीच्या वेळच्या एका बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं असतात आणि अशा लोकल दर काही मिनिटांनी असतात. माहीम सुटलं की दारातली माणसं मिठीच्या वासाने एकदम नाक दाबतात, वांद्रे आलं की सोडतात. पुलांच्या कौतुकात या पुलाचं नाव कुणी घेत नाही.

आता सेतूकडे.

कॉजवेवरची कोंडी हे सेतूचं कारण. पश्चिम उपनगरांतून दक्षिण मुंबईत जायचं तर माहीमला गाड्यांच्या गळ्याला फास बसायचा. १९९९ मध्ये पायाभरणी झाली. काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचं, बांधणी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीची. पाच वर्षांत व्हायचं होतं ते काम दहा वर्षं चाललं. ३० जून २००९ ला सेतूचं उद्घाटन झालं तेव्हा निम्म्याच मार्गिका तयार होत्या. आठही मार्गिका मार्च २०१० मध्ये खुल्या झाल्या. लांबी ५.६ किलोमीटर, खर्च सुमारे १,६०० कोटी.

या लांबीतला बहुतेक भाग हा साधा खांबांवरचा पूल आहे. सुमारे पन्नास-पन्नास मीटरवर खांब, त्यांवर काँक्रीटच्या पोकळ पेट्या. या पेट्यांना कामावर ‘सेगमेंट’ म्हणतात. वांद्रे रेक्लमेशनवर मोठं यार्ड होतं, तिथे सेगमेंट ओतले जात आणि पाण्यावर नेले जात. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पसरलेल्या अजस्र लोखंडी लाँचरला सगळे सेगमेंट टांगायचे, सांध्यांना इपॉक्सीचा गोंद लावायचा, आतून पोलादी तारा ओवून ताणायच्या. तारा ताणल्या की सगळे तुकडे एकमेकांवर दाबले जाऊन एक तुळई होते. मग लाँचर पुढे सरकतो. काम संथ आणि एकसुरी, पण समुद्रात असं एकसुरी काम करता येणं हीच मोठी गोष्ट. पावसाळ्यात समुद्र खवळला की सगळं थांबायचं.

पाण्याखाली गोष्ट इतकी सरळ नव्हती. मुंबईचा खडक ज्वालामुखीचा. कुठे अखंड, लोखंडासारखा कठीण बेसाल्ट, तर दोन खांब पलीकडे झिजलेला, भुसभुशीत थर. पूर्ण सेतूसाठी ६०४ पाइल, म्हणजे खाली खडकात रोवलेले पायाचे खांब, घातले, काही दीड मीटर व्यासाचे आणि केबलच्या भागाखाली दोन मीटर व्यासाचे. कुठे सहा मीटरवर खडक लागला, कुठे चौतीस मीटर खाली जावं लागलं. दोन शेजारी खांब वरून जुळ्या भावांसारखे दिसतात, पण त्यांच्या मुळांची खोली एकमेकांशी जुळत नाही.

आता मूळ प्रश्न. पन्नास मीटरचे गाळे (दोन खांबांमधली अंतरं) घालत सेतू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता आला असता. गाड्यांना काहीही फरक पडला नसता. उलट ते स्वस्त आणि लवकर झालं असतं. तरीही वांद्र्याजवळ ५०० मीटर लांबीचा केबलचा भाग आहे: मधे एक मनोरा, दोन्ही बाजूंना अडीचशे मीटर मोकळं पाणी. वरळीजवळ दोन छोट्या मनोऱ्यांवर दीडशे मीटरचा मधला गाळा आणि दोन्हीकडे पन्नास-पन्नास मीटर. कारण माहीमच्या उपसागरात ये-जा करणाऱ्या होड्यांच्या वाटा तिथून जातात. आधीच्या आराखड्यात वरळीला केबलचा भाग नव्हता. मच्छीमारांच्या आग्रहाने सेतूची रेघ वरळी कोळीवाड्यापासून सुमारे दीडशे मीटर समुद्राकडे सरकवली गेली आणि वरळीच्या वाटेवर केबलचा पूल आला. पोस्टकार्डावर, सिनेमात, कॅलेंडरवर जो सेतू छापला जातो तो होडीवाल्यांच्या वाटांमुळे आलेला सेतू आहे. हे सेतूवरून जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

केबलचा पूल उभा कसा राहतो, हे मला समजायला बराच वेळ लागला, आणि समजल्यावर त्याच्याबद्दलची माया वाढली. प्रत्येक केबल तिरकी आहे, म्हणजे ती डेकला, म्हणजे रस्त्याच्या सपाट पट्ट्याला, वर उचलते आणि त्याच वेळी मनोऱ्याकडे खेचते. मनोऱ्याच्या एका बाजूची केबल डावीकडे ओढते, दुसऱ्या बाजूची तेवढ्याच जोराने उजवीकडे. मनोऱ्यापाशी ही आडवी ओढ एकमेकींना रद्द करते आणि उरतं ते फक्त खालच्या दिशेचं वजन, ते मनोरा पायांतून खडकात उतरवतो. डेकचं काय? त्याला दोन्हीकडच्या केबल मनोऱ्याकडे खेचतात, म्हणजे डेक सतत दाबला जातो. काँक्रीटला ताण सोसत नाही, दाब मात्र आवडतो. म्हणून इतका मोठा गाळा काँक्रीटचाच करता आला. जी ओढ पूल पाडेल असं वाटतं, तीच त्याला घट्ट धरून ठेवते.

बांधतानाही हाच तोल सांभाळायचा असतो. मनोऱ्यापाशी पहिला सेगमेंट बसवला की एक तुकडा या बाजूला, एक त्या बाजूला. तीन-तीन मीटर लांबीचा, शंभराहून अधिक टन वजनाचा प्रत्येक तुकडा बार्जवरून (सपाट मालवाहू नौकेवरून) उचलायचा, आधीच्या तुकड्याला चिकटवायचा, तारा ताणायच्या, केबल लावायची. एक बाजू फार पुढे गेली तर मनोऱ्यावर नको तो भार येतो. त्यामुळे दोन्ही हात बरोबरीने लांबत जातात आणि अनेक महिने त्यांची टोकं नुसतीच हवेत असतात. त्या काळात मी वांद्र्याच्या किल्ल्यावरून ती टोकं बघितली आहेत. दर वेळी गेलं की थोडी पुढे आलेली. वांद्र्याच्या मनोऱ्याला २६४ केबल आहेत, सर्वांत आखूड सुमारे ८५ मीटर, सर्वांत लांब जवळजवळ अडीचशे. प्रत्येकीचा ताण वेगळा मोजायचा.

मनोरा १२६ मीटर उंच. खाली त्याला चार पाय आहेत, ते वर जाताना एकमेकांकडे झुकतात आणि शेवटी एक माथा होतो. जाण्या-येण्याचे दोन डेक वेगवेगळे आहेत, पण मनोरा दोघांचा एकच. जवळून बघितलं तर मनोऱ्याच्या अंगावर दर तीन मीटरवर आडवी खाच आहे. लांबून ती शोभा वाटते. ती काँक्रीट ओतण्याच्या टप्प्यांची खूण आहे: साचा इथवर चढवला, ओतला, पुन्हा वर चढवला. सेतूचे मुख्य रचनाकार शेषाद्री श्रीनिवासन. त्यांनी ही खाच लपवायचा प्रयत्न केला नाही, हे फार चांगलं केलं. मनोरा कसा वाढला हे त्याच्या अंगावरच वाचता येतं.

व्हॉट्सअॅपवर सेतूबद्दल फिरणारा एक मजकूर दर वर्षी येतो: वजन पन्नास हजार आफ्रिकन हत्तींएवढं, तारांची लांबी पृथ्वीच्या परिघाएवढी. हे आकडे ऐकून मला काहीच कळत नाही. समुद्रात पन्नास हजार हत्ती कसे उभे राहतील याची कल्पना करण्यापेक्षा एका केबलने एका तुकड्याला कसं धरलं आहे हे समजणं जास्त मोलाचं आहे.

सेतू झाला, पण त्याचं टोक वरळीला होतं. पुढे हाजी अलीपर्यंत न्यायचा बेत बारगळला. त्यामुळे जवळजवळ पंधरा वर्षं आठ मार्गिकांचा हा रस्ता वरळी सी फेसच्या दारात येऊन संपत होता. माहीमचा फास सुटला आणि वरळीला बसला. पुलाचं काम त्याच्या मधल्या भागात दिसतं, पण ठरतं त्याच्या दोन्ही टोकांना, आणि टोकांकडे आपलं लक्ष शेवटी जातं. ही मला आपल्याकडच्या नियोजनाची सर्वांत महागडी सवय वाटते.

ती उणीव भरून काढायला किनारी मार्ग आला. मुंबई महापालिकेचा, १०.५८ किलोमीटर लांब, त्यात गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क असे दोन किलोमीटरहून थोडे अधिक लांबीचे दोन बोगदे. ‘मावळा’ नावाच्या यंत्राने ते खोदले. मार्च २०२४ मध्ये पहिला भाग खुला झाला. आता प्रश्न होता तो वरळीला सेतूशी जोडण्याचा. आणि तिथे पुन्हा होड्यांची वाट आडवी आली.

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या समुद्रात जातात. जोडरस्त्याच्या आराखड्यात तिथे दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. मच्छीमारांनी २०० मीटर मागितलं. कागदावर बघणाऱ्याला हे अवाजवी वाटतं. एक लहान होडी फार तर तीन-चार मीटर रुंद. साठ मीटरमधून अशा किती जातील! मलाही हे नीट समजत नव्हतं, म्हणून तिथल्या एका वयस्क नाखवांना विचारलं. ते जाळ्याची फाटलेली बाजू मांडीवर घेऊन बसले होते, हात थांबवले नाहीत.

“पोरा, तू होडी धरलीस सरळ जाणारी,” ते म्हणाले. “ती सरळ जाते कधी? वारा एकीकडून, पाण्याची ओढ दुसरीकडून. होडी तिरकी होऊन चालते. इंजिन बंद पडलं की फिरते. समोरून दुसरी आली, तिचंही तेच. तुला साठ दिसतात, आम्हाला वीस पण नाय सापडत.”

“पण नाखवा, पाणी शांत असेल तर?”

“शांत असेल तर तुझं पण खरं,” ते हसले. “पण खांबापाशी पाणी शांत ऱ्हात नाय. खांब आला की पाणी त्याला वळसा घालून पळतं. खाली खडक. आमच्या पोरांना खडक म्हायत आहेत, खांब नवीन.”

मी नंतर याबद्दल वाचलं आणि विचार केला, तेव्हा कळलं की त्यांच्या बोलण्यात सगळं जलशास्त्र होतं. खांबामुळे प्रवाहाची जागा कमी होते, म्हणून मधल्या पाण्याचा वेग वाढतो. खांबाच्या पायथ्याला भोवरे होतात आणि गाळ इकडचा तिकडे जातो. लाट खांबावर आपटून परत येते ती वेगळ्याच दिशेने. आराखड्यात मोकळी जागा म्हणून दाखवलेलं अंतर हे शांत पाण्यातलं अंतर असतं. उधाणाच्या दिवशी, अंधारात, भरलेली होडी घेऊन परतणाऱ्याला हवं असतं ते वेगळं अंतर. पायाखालचे खडक नकाशात असतात. ओहोटीला कुठला खडक किती उघडा पडतो हे नकाशापेक्षा नाखव्याला जास्त ठाऊक असतं. त्याच्या या माहितीला सर्वेक्षणाच्या अहवालाइतकं वजन असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मच्छीमारांनी काम अडवलं, आंदोलनं केली. बैठकांवर बैठका झाल्या. अखेर २०२२ च्या डिसेंबरमध्ये निर्णय झाला: मधला आठव्या क्रमांकाचा खांब रद्द, सात आणि नऊ या खांबांमधलं अंतर १२० मीटर. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, आखलं होतं त्याच्या दुप्पट.

आणि खांब गेला की रचना बदलली. एवढ्या अंतरावर साधी तुळई चालत नाही. म्हणून आल्या धनुष्याकृती पोलादी कमानी. कमानीचा स्वभाव बाजूला पसरायचा. डोंगरावर कमान बांधली तर दोन्ही बाजूंचे कडे तिला धरतात. समुद्रात कडे कुठून आणणार? म्हणून खालची तुळईच कमानीची दोन टोकं एकमेकींशी बांधून ठेवते, प्रत्यंचा धनुष्याला धरते तशी. कमानीपासून खाली सोडलेले दांडे रस्ता उचलतात. असं असल्यामुळे खांबांवर फक्त सरळ वजन येतं आणि पूर्ण धनुष्य आधी बाहेर जोडून, एक वस्तू म्हणून आणून बसवता येतं.

तसंच केलं. सुटे भाग हरयाणातल्या अंबाल्याला तयार झाले, शेकडो ट्रेलरवरून आले, न्हावा बंदराजवळ जोडले गेले आणि बार्जवर चढवून समुद्रमार्गे वरळीला आणले गेले. पहिली तुळई १३६ मीटर लांब, दोन हजार टनांची. ती एप्रिल २०२४ च्या अखेरीस, पहाटेच्या वेळी, भरती-ओहोटीचं गणित साधून खांबांवर बसली. दुसरी १४३ मीटर लांब आणि अडीच हजार टनांची, ती मे महिन्याच्या मध्यावर. बार्ज भरतीला जरा उंच येते, तेव्हा तुळई खांबांच्या वर आणायची, आणि पाणी उतरू लागलं की ती आपोआप आपल्या जागी टेकते. एवढ्या मोठ्या वजनाला शेवटचा हात समुद्रानेच दिला. वेळ चुकली तर पुढच्या भरतीची वाट. या तंत्रात मला फार शहाणपण दिसतं. शिवाय ते कोळ्यांच्याच शहाणपणाचं भावंड आहे: पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं ते आधी बघा.

सप्टेंबर २०२४ मध्ये जोडणी खुली झाली आणि वांद्र्याहून मरीन ड्राइव्ह काही मिनिटांवर आलं. मी त्या रस्त्याने गेलो आहे. ते काम मनाला थक्क करतं, आणि रस्ता झाला याचा मला आनंद आहे. तरी दोन गोष्टी बोचतात.

एक, या सगळ्या पसाऱ्याचा उपयोग मुख्यतः चारचाकीवाल्याला. सेतूवर पायी जाता येत नाही, स्कूटर नाही, रिक्षा नाही. किनारी मार्गावरही दुचाकीला मज्जाव आहे. सेतूवरून बेस्टच्या काही बस धावल्या, हे चांगलं झालं, पण त्या किती कमी! एवढ्या पैशातून बांधलेल्या रस्त्यावर दर पाच मिनिटांनी बस का नसावी? आणि चालणाऱ्यांसाठी समुद्राच्या मध्यावर एक अरुंद फूटपाथ ठेवला असता तर मुंबईतला कितीतरी माणूस संध्याकाळी तिथे उभा राहिला असता. वारा जोराचा आहे, सुरक्षेचे प्रश्न आहेत, हे मान्य. पण जगात अनेक मोठ्या पुलांवर चालायची वाट आहे आणि त्यांनी वाऱ्याचं उत्तर शोधलं आहे. किनारी मार्गाच्या कडेला समुद्रालगत चालायची लांबच लांब वाट झाली, ती फार आवडली. ती वाट सेतूपर्यंत पोहोचली असती तर बरं झालं असतं.

दुसरी गोष्ट टोल. एका बाजूने गाडी न्यायला एप्रिल २०२४ पासून शंभर रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, पण सेतू त्यात नव्हता. काढलेलं कर्ज फेडायला पैसे लागतात, हे मी नाकारत नाही. पण सेतूपासून हाकेच्या अंतरावर तो कॉजवे आहे, जो एका बाईने कुणाकडून पैसे घेऊ नका असं सांगून बांधून दिला. सगळ्यांना परवडणारी वाट आणि पैसे मोजणाऱ्याची वाट शेजारी-शेजारी धावतात. त्यामुळे कॉजवेची देखभालही सेतूएवढ्याच काळजीने व्हायला हवी. तिथल्या फूटपाथवर चालताना तसं दिसत नाही.

आता वांद्र्याच्या उत्तरेला पुढचा सेतू होतो आहे. वर्सोवा ते वांद्रे, १७ किलोमीटरहून अधिक, म्हणजे आताच्या सेतूच्या तिप्पट लांब. त्याच्या वाटेत खारदांडा आहे, जुहू आहे, वर्सोवा आहे, आणि या प्रत्येक ठिकाणी कोळीवाडा आहे. प्रत्येक कोळीवाड्याची आपली बाहेर जायची वाट आहे, आपले खडक आहेत. वरळीला एक खांब काढायला आंदोलन करावं लागलं, काम थांबलं, खर्च आणि वेळ दोन्ही वाढले. तो खांब पहिल्या दिवशी कागदावरच गळला असता तर फुकट गळला असता. खारदांड्याच्या नाखव्याला पाइल उतरवायच्या आधी होडीत बसवून जागा दाखवायला सांगायला काय लागतं?

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर सेतूवरून जाऊ नका. दादर किंवा प्रभादेवीहून वरळी कोळीवाड्यात या, गोल्फादेवीच्या देवळावरून पुढे गल्ल्यागल्ल्यांतून किल्ल्यापर्यंत चाला. किल्ला छोटा आहे, पण त्याच्या तटावरून सेतू एका बाजूने अगदी जवळून दिसतो. ओहोटीची वेळ बघून जा, म्हणजे खडक उघडे असतील आणि खांबांभोवती पाणी कसं वळतं ते दिसेल. होड्या परतायची वेळ साधलीत तर फारच छान: मग त्या सरळ येतात की तिरक्या, ते तुम्हीच बघा. आणि येताना मासळी तिथूनच घ्या. सकाळी गेलात तर ताजी मिळते, भाव करू नका.